डेड स्टॉक रजिस्टर

एकतीस मेला चार्ज द्यायचाय.
तिसरा मजला, तीन खोल्या, किल्ल्यांचा एक जुडगा
आणि लाल कापडी पाठीची तीन रजिस्टरं :
संगीत, विज्ञान, चित्रकला.
ठाण्याहून तपासनीस आलेत. सुपारी कातरत म्हणतात,
मढवी, एकेक वस्तू दाखवा,
जी ज्या रजिस्टरात, ती त्याच खोलीत हवी.

तिथंच तर घोळ आहे.

संगीत, पान सात : तानपुऱ्याची तार, पितळी, नग एक.
तार आहे साहेब. सांगाड्याच्या जबड्यात आहे.
त्याचा जबडा सारखा निखळायचा, पोरं ओरडायची,
काका, तुम्हाला बघून हसतोय!
गंधे बाईंनीच दिली काढून, म्हणाल्या,
घ्या, या मजल्यावर कुणाचं तरी तोंड मिटू दे.

विज्ञान, पान एकोणीस : रबरी नळी, दीड मीटर.
पाऊण मीटर ही बघा.
उरलेली उभी चिरून, सायकलचं सोल्यूशन लावून
पेटीच्या भात्याला चिकटवली मीच.
तेव्हापासून राष्ट्रगीताला
थोडा बर्नरचा वास येतो.

आणि सांगाडा? तो विज्ञानाचा, मान्य.
पण सोमवार-बुधवार तांडेल सरांकडे असतो,
इंटरमीजिएटची पोरं त्याच्या बरगड्या मोजत बसतात.
मीच नेतो कॉरिडॉरमधून,
त्याचा हात माझ्या खांद्यावर,
हळदीच्या रात्री घणसोलीत
जास्त झालेल्या पाहुण्याला घरी सोडावं तसा.

नादकाटे सहा लिहिलेत, पेटीत पाच.
सहावा गंधे बाईंच्या पर्समध्ये सापडेल,
चष्म्याच्या घरात, फडक्यात गुंडाळलेला.
तानपुरा मुका झाल्यापासून
चपलेच्या टाचेवर आपटून त्या सा लावतात.
इनामदार बाई म्हणतात, हा दोनशे छप्पन्न.
गंधे बाई म्हणतात, पांढरी एक, जरा उतरलेली.
डब्यातली भेंडी गार होईपर्यंत भांडल्या एकदा,
मग दोघींनी मिळून तो पाण्याच्या बीकरात बुडवला
आणि उडालेल्या थेंबांनी
तांडेल सरांचं ओलं निसर्गचित्र बिघडलं.
सर काहीच बोलले नाहीत.
ब्रशनं त्या डागांना पंख काढले.

मी नववी नापास. तेवीस वर्षं
तिन्ही दारं मीच उघडली, मीच लावली.
मधल्या भिंती प्लायवूडच्या,
अलीकडे उकळतंय, पलीकडे भूप चाललाय,
टोकाला कुणीतरी पेन्सिलीला टोक करतंय,
आणि मी स्टुलावर बसून परीक्षानळ्या धुतोय.
कुठला तास कुठे संपला, मला घंटेशिवाय
कधी कळलं नाही.

तपासनीस घाम पुसतात. म्हणतात, पुढे चला.

कॉरिडॉरच्या टोकाला काचेतलं चित्र आहे,
नववी ब-च्या यशिका भोईरचं. ऐरोलीची खाडी.
जास्वंदीच्या रसानं रंगवलीय सगळी,
आभाळावर लिंबू पिळलं तर गुलाबी,
खारफुटीला धुण्याचा सोडा, म्हणून हिरवी.
रेघ तांडेल सरांनी शिकवलेली, रस इनामदार बाईंचा,
आणि रंगवताना ती जे गुणगुणत होती
ते कुणी लिहून ठेवलं नाही.
चौकटीला फट आहे. रबाळ्याच्या कंपन्या
रात्री काय सोडतात कोण जाणे,
सकाळी कडेची खारफुटी गुलाबी झालेली असते.
पोरं म्हणतात, फ्लेमिंगो उतरले.
पावसाळ्यात भिंतीला ओल धरली
की चुन्याकडून हिरवं परत येतं, थोडंथोडं.

हे कुठल्या पानावर? साहेब विचारतात.
तिन्ही रजिस्टरं चाळतात, थुंकी लावून.
कुठंच नाही. नोंदच नाही झाली.

बरं, घ्या आता, म्हणतात. चित्र, नग एक.
पेनचं टोपण दातात धरून
विभागाचा रकाना मोकळा सोडतात.
मग पुढचा रकाना. रंग?

मी चष्मा पुसून जवळ जातो.
आजचा लिहू, साहेब?