पाचवं कलम

खालसा हा शब्द त्या कागदात कुठेही नाही.
शपथेवर सांगतो, नक्कल माझ्याच हातची.

उम्म सदफ बेटावर तेव्हा वैशाख,
म्हणजे आपला वैशाख; त्यांचे महिने वेगळे चालतात.
मोसम तोंडावर, आणि बुडीवाले
कासवाच्या पाठीचे नाकचिमटे घासत बसलेले.
आखाताचं पाणी शिशासारखं,
आणि त्याच्या तळाशी, चार वाव खोल, गोड्या पाण्याचे झरे.
पखाल घेऊन माणूस खाऱ्यात उडी मारतो
आणि गोडं घेऊन वर येतो.
साहेबाने पहिल्या दिवशी एवढंच विचारलं,
झरे नेमके कुठे?
मी नकाशावर बारा टिंबं दिली.

शेख हमूद मोत्यांतला माणूस.
चाळण्या, रतीची वजनं, चव काढायचा हिशेब तोंडपाठ.
भाव बोलायचा तो रुमालाखाली, बोटांनी:
एक पेर, दोन पेरं, मूठ म्हणजे हजार.
चेहरा कोराच.
साहेबाचा हात रुमालाखाली आलाच नाही.
त्याने कागद मेजावर उघडा ठेवला,
आणि शेखला वाटलं,
उघडं आहे त्यात लपवलेलं काय असणार.

जकात शेकडा पाच, त्यावर चढवायची नाही.
बरं.
आमच्या व्यापाऱ्याचं येणं अडलं तर निवाडा आमचा एजंट करील.
हेही बरं, कटकट गेली.
कोळशाच्या वखारीला जागा,
वखारीला पहारा, पहाऱ्याला भिंत.
नाखवा घानिम मागून पुटपुटला,
भिंतीचं दार कुठल्या बाजूला?
कुणी तरी हसलं. कॉफी आली.

पाचव्या कलमात दोनच ओळी.
शेखने आणि त्याच्या वारसांनी, आमच्या मार्फतीशिवाय,
दुसऱ्या कुठल्याही दरबाराशी पत्रव्यवहार करू नये.
बदल्यात हिमायत.

म्हातारा कातिब, मुल्ला जुमआ,
मोत्यांच्या हिशेबात हयात गेली, डोळ्यात मोतीबिंदू,
कागद नाकाला लावून मला म्हणाला,
मुन्शी, तूही समुद्राकाठचाच.
या कलमाचा अर्थ काय?

कलम.
आमच्याकडे चौलला आजोबा आंब्याची कलमं बांधायचे.
रायवळ खुंट, त्याला तिरका काप,
दुसऱ्या झाडाची काडी, वरून सुंभ घट्ट.
झाडाला दुखत नाही, म्हणायचे.
मूळ त्याचंच राहतं, पाणीही तेच ओढतं,
फक्त आंबा त्याचा येत नाही.
आणि खाली खुंटाला स्वतःची पालवी फुटलीच
तर ती खुडायची, कोवळी असताना.
बोलता बोलता कुलाब्याच्या किल्ल्याकडे बघायचे.
त्यांचे वडील तिथे आंग्र्यांच्या गलबतावर तांडेल.
मग एका वर्षी
गलबत तेच, डोलकाठी तीच,
निशाण वेगळं.

हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.
पगार महिना पस्तीस, समुद्रभत्ता निराळा.
मी म्हणालो,
जकातीचंच आहे मुल्लाजी, मागच्यासारखं.

शेखने अंगठी काढून शाईत बुडवली.

एकोणीस वर्षांनी बसऱ्याला जाताना
आगबोट तिथे पाणी भरायला थांबली.
सात झऱ्यांवर लोखंडी बोये, बोयांवर आकडे.
उरलेल्या पाचांचं कुणाला विचारलं नाही.
वखारीची भिंत एवढी वाढली आहे
की बाजार तिच्या आत, मशीद आत, शेखचं घरही आत.
दार समुद्राच्या बाजूला.

शेख हमूद गादीवर आहे अजून. गादी त्याचीच.
तोफांची सलामीही मिळते.
तीन. मी मोजल्या, चौथीसाठी थोडा थांबलो.
त्याची बहीण मुहर्रकला दिली होती, ती वारली.
मेहुण्याला सांत्वनाचं पत्र लिहून तयार होतं,
बुशहरच्या मंजुरीसाठी ठेवलेलं,
एजंटच्या मेजावर, तिसरा आठवडा.

पत्राची नक्कल करायला नवा मुन्शी बसला होता, पोरगाच.
विचारलं तर रेवदंड्याचा निघाला.
अक्षर सुरेख आहे त्याचं.