काल, अर्ध्या-अर्ध्या तासानं

सर्वेवाली मॅडम आली
तेव्हा मी छपरीत तुरीच्या शेंगा सोलत होते.
मांडीवर टॅब ठेवून म्हणाली, कालचा दिवस सांग.
पहाटे चारपासून, अर्ध्या-अर्ध्या तासानं.
सगळा?
सगळा. एक चौकट रिकामी राहिली
तर फॉर्म पुढं सरकत नाही.

चार ते पाच, झोप.
खरं तर जागी होते, भावाचे बूट ऐकत.
बूट एकच जोडी, त्याच्यात आणि सुगत थूलमध्ये.
फाट्यापासून पुलापर्यंत सोळाशे मीटर
एक जण धावतो, दुसरा अनवाणी
थंड डांबरावर उभा राहून सेकंद मोजतो,
मग बदली.
मॅडम म्हणाली, त्याचं त्याला विचारीन, तू तुझं सांग.

पाच ते साडेपाच, नळ.
पाणी आलं?
नाही, पाळी आजची होती.
तरी उठून पाहिलं.

सहा ते साडेसात, पोळ्या.
मिठाच्या डब्याला फोन टेकवलेला,
त्यात पुण्याचे एक सर राज्यघटना शिकवतात.
मी त्यांना दीडपट पळवते.
कलम एकवीसपर्यंत कणीक संपते.
मॅडम थांबली. दोन कामं एकदम नाही घेता येत,
मुख्य कोणतं?
मी विचार करतेय तोवर
आतून आई म्हणाली, "पोळ्याच लिवा जी."

नऊला एसटी, चौदा किलोमीटर, कॉलेज.
चारपैकी एक तास झाला.
उरलेलं निंबाखाली, आचल आणि मी,
एकाच इअरफोनची दोन टोकं.
तिच्या कानातलं टोक बंद आहे,
ती माझ्याकडे बघून मान हलवते.
ह्याला काय लिहू?
बसची वाट पाहणं लिहा.
ते प्रवासात धरते, मॅडम म्हणाली.

साडेतीन ते साडेपाच, आचलच्या वावरात कापूस,
दहा रुपये किलोनं.
नऊ किलो झाला असता, आठ झाला.
एक किलो बोलण्यात गेला.

संध्याकाळी परत येताना पुलावर सात पोट्टे,
सात उजेड.
दुरून शेकोटी वाटते.
मॅडमनं आज येताना त्यांनाही विचारलं होतं,
दिवसभर काय करता?
"काई नाई बाप्पा," सगळ्यांनी एका सुरात.
त्यातला एक दोनदा लेखी पास झालाय,
एक जण दुपारभर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो,
माझा भाऊ रात्री हरभऱ्यात मचाणावर जातो
आणि तलाठीचे प्रश्न सोडवतो मोठ्यानं,
मधेच डुकरांवर ओरडतो, डबा वाजवतो,
मग पुन्हा, पर्याय क.
काल तर फोन घरीच विसरला.
मॅडम म्हणाली, लिस्टमध्ये शोधलं मी,
‘काही नाही’ला कोड नाहीये.

साडेदहा ते अकरा?
झोप, म्हणाले.

चादरीच्या आत मी फोन तोंडासमोर धरला होता.
नमस्कार, आजच्या ठळक बातम्या.
बोंद्रेंची म्हैस तीन दिवसांनी सापडली.
शाळेमागचा दिवा आजही लागला नाही.
पोलीस भरतीची तारीख पुढे गेली,
सविस्तर वृत्त थोड्याच वेळात.
मग डिलीट केलं.
मेमरी भावाच्या पीडीएफनी भरलीय
आणि ‘ळ’ माझा अजून जड येतो.

फॉर्म गेला. अठ्ठेचाळीस चौकटी, एकही रिकामी नाही.
तिची बस पाच दहाची.
टॅब पिशवीत घालून ती तिथंच बसली.
बी.एड. झालंय, म्हणाली, घरामागं पैसे मिळतात.
आणि तुमचा काल?
हसली नुसती,
पुढ्यातली मूठभर फल्ली ओढून घेतली.
दोघी सोलत बसलो.
वाटी काही भरेना,
कारण ती एक दाणा वाटीत टाकायची
आणि दोन कच्चेच खायची.