पासंग

पहिल्या लेव्हलला निशाचार्याकडे एकच मंत्र होता.
तो संपला की ओजस पांढरीपांडे
रणबाच्या ढालीमागं बसायचा आणि म्हणायचा,
"भुमेश, पाह्य बे, माझे चारच जीव उरले."
आणि भुमेश मेश्राम पाहायचा.
ते दिवस बरे होते. मानेवाड्यातली दुसऱ्या मजल्यावरची खोली,
चार खुर्च्या, एक कूलर, वीस बाजूंचा फासा,
आणि खेळ चालवणारी मी,
जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आडोशाला लावून.

आता नववी लेव्हल आहे.
निशाचार्य उडतो. कुलपं त्याला ओळखतात.
परवा त्यानं अख्खी नदी बाजूला सरकवली,
कारण पुलापर्यंत चालायचा कंटाळा आला होता.
त्याच्या मंत्रांची वही दोनशे पानी, कव्हर घातलेली.
रणबाचा अजून एकच कागद,
त्यावर तर्रीचा डाग.
मी विचारते, "रणबा काय करतो?"
"मारतो."
पुढच्या फेरीत पुन्हा विचारते.
"मारतो."
रागानं नाही.
दुकानदार "चिल्लर नाही" म्हणतो तसं.
रणबा आता पासंगालाही पुरत नाही, असं कुणीतरी म्हणालं.
बहुतेक भुमेशच.

मेच्या दुसऱ्या रविवारी, बाहेर सेहेचाळीस,
तो मध्येच उठला.
"ताई, कूलरमधलं पाणी संपून राहिलं. टाकून येतो.
माझी पाळी आली तर फासा तूच फेकून घे."
खाली नळ, वर आम्ही, मध्ये बत्तीस पायऱ्या.
आठवडाभर हेच करतो तो, लोकांचे कूलर,
मोटरी, पंप, नवं गवत.
त्याची पाळी आली. मी फेकला.
वीस पडले.
कुणी मान वर केली नाही. ओजस पान उलटत होता.
जिन्यात बादलीची कडी वाजत होती.

त्या रात्री नियमांची वही घेऊन बसले, खोडरबरासकट.
रणबाला आगीची तलवार दिली. खोडली.
म्हणजे त्यालाही जादूगारच केलं की मी.
निशाचार्याचे मंत्र निम्मे केले.
मग ओजसचा तो जुना चेहरा आठवला, ढालीमागचा.
तेही खोडलं.
आमचे बाबा इतवारीत धान्य तोलायचे.
तागडी झुकली की हलक्या पारड्याला खडा बांधायचे.
खडा मीही शोधत होते,
पण पारड्यात काय घातलंय तेच दिसत नव्हतं.
कागदावर खोडरबराचा चुरा, मांडीवर, चहात.
दोनच्या सुमारास आठवलं:
मंत्र संपले की ओजस म्हणतो, "चला, तंबू लावा,"
सकाळचे दहा वाजले असले तरी.
सगळे झोपतात. मंत्र परत येतात.
पहाऱ्याला कोण असतं,
हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी झोप काढून घेतली.
पूल, धुकं, आणि येतच राहणारे शत्रू.
ओजसनं एकेक मंत्र पेन्सिलीनं कापला.
शेवटचा कापला आणि लाइट गेली, खरीखुरी.
कूलर घरघरत थांबला.
मोबाइलच्या उजेडात मी विचारलं,
"रणबा उभा कसा आहे?"
भुमेश गप्प. मग म्हणाला,
"डावा पाय मागं. भार कमरेवर घेतला,
खांदा लवकर दगा देते.
ढालीचा पट्टा ओला झाला, तो दातात धरला.
मागचा माणूस ज्या बाजूनं धापा टाकून राहिला
त्या बाजूला थोडा जास्त सरकतो."
तो बोलत राहिला. फासा कुणी फेकला नाही.
ओजस वहीनं वारा घेत होता,
तीही हलायची थांबली.

लाइट आली.
"आता झोपू का?" ओजसनं विचारलं,
आणि सगळे हसले, भुमेश सगळ्यात जोरात.

सुटलेलं काही नाही. पुढच्या लेव्हलला
निशाचार्य काळ थांबवायला शिकेल, वहीत तसं आहेच.
रणबाला मिळेल आणखी एक वार.
मी कागद गोळा केले. रणबाच्या सामानात
दोर, मशाल, सात दिवसांचा शिधा, आणि त्याखाली
नवी ओळ, भुमेशच्या तिरक्या अक्षरात:
बादली, एक.