कोगनोळी नाका, रात्री साडेअकरा

टेम्पोत खोक्यांमागे सोनटक्की,
सुतळीने बांधलेल्या आंब्याच्या पेटीत.
माझ्या पायाशी भैरू, ओकून ओकून गप्प.

हवालदाराने बॅटरी मारली : "एनदु?"
बेक्कु, मी म्हणाले.
बारा वर्षांनी तोंडात आलेला पहिला शब्द.
तो हसला. पेटीतून फिस्कारा.

निपाणीत दार उघडलं. तंबाखूचा जुना वास.
भैरूने शेजारच्या मल्लव्वाच्या पायरीवर अंग टाकलं
जणू तिथलाच.

सोनटक्की तीन दिवस माळ्यावर.
दूध तसंच. रात्री
कोल्हापूरकडे तोंड करून ओरडते.

कुत्रं माणसाला धरतं, मांजर घराला,
मल्लव्वा सांगते, अर्धं कन्नडात,
आणि माझ्याकडे बघत राहते.

मी अजून
एकाही खोक्याची सुतळी कापलेली नाही.