पाहिलं : दोनशे चौदा

एकतीस ऑक्टोबर, रात्री पावणेबाराला
मी स्टेटस काळं केलं.
बोटाला काळं लागलं नाही.

शेजारच्या मागावर शिद्दू.
त्याचं स्टेटस लाल-पिवळं.
खासबागेतल्या एकाच पत्र्याखाली
एकाच मालकाच्या साड्या विणतो आम्ही;
वीज गेली की दोघांचे धोटे एकदम मरतात.
ती गेलीच.
मग अंधारात दोन चेहरे, खालून उजळलेले.
"काय बघूलास?" त्यानं मराठीत विचारलं.
"येनिल्ल," मी कन्नडात.

सकाळी मोजलं : दोनशे चौदा.
पुण्याच्या चुलतभावानं तीन मुठी पाठवल्या,
बेळगावात एकदाही घागर न उचललेल्या मुठी.
कुणीतरी जाळ पाठवला.
'येतोस काय' कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

नऊला हवालदाराचा फोन.
"स्टेटस डिलीट माडप्पा."
डिलीट दोन्ही भाषांत डिलीटच.
मागून त्याची बायको ओरडली, स्वच्छ मराठीत,
दूध उतू चाललंय म्हणून.
तो घाईनं म्हणाला, "आयतु, आयतु,"
ते मला की तिला, कळलं नाही.

गेल्या महिन्यात नळाला अकरा दिवस पाणी नव्हतं.
वॉर्डातल्या बैठकीचा निरोप
शिद्दूनं कन्नडात टाकला, मी मराठीत.
एक्क्याण्णव अंगठे आले.
माणसं सात :
आम्ही दोघं, आणि पाच म्हाताऱ्या
रिकाम्या कळशा घेऊन.
त्यातली तानूबाई इकडंतिकडं बघत म्हणाली,
"अंगठेवाले मागनं येऊलेत काय रे?"
शिद्दू हसला. मी खुर्च्या मोजत राहिलो.

बा अंगणात सायकल पुसत होता.
दंडाला फीत.
शहाऐंशी सालापासून सदरा घालताना
आधी उजवा हात घालतो तो, जपून,
आणि का ते कधी सांगत नाही.
मी म्हटलं, "मी स्टेटस ठेवलंय."
"उद्या असतंय काय ते?"
"चोवीस तास."
"हं."
त्यानं मागचं चाक दाबून बघितलं.
खिशात माझा फोन थरथरला,
दोनशे पंधरावा कुणीतरी.

"हवा कमी हाय," बा म्हणाला.
"पंप तरी धर."

मी धरला.
किती दिवसांनी दोन्ही हातांनी काहीतरी धरलं.
चाक घट्ट झालं. पुढं जायचं की नाही
हे अजून ठरलं नव्हतं,
आणि तो मागच्या कॅरिअरवरची धूळ
फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसत होता.