हात कधी सोडायचा

हिवाळे पाळक जालन्याहून बदलून इंदूरला आले
तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते
आणि विश्वासात, खरं सांगायचं तर, रांगत होते.

छावणीतल्या आमच्या मंडळीत
बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात माझं नाव पार पहिल्या पानांवर.
दानाच्या पाकिटात कधी खंड नाही.
पण सुनेला ताप आला, पाळकांना फोन.
नातवाचा निकाल, पाळकांना फोन.
नवा फ्रीज जिन्यात अडकला
तरी फोन : साहेब, प्रार्थना करा.

आधीचे साहेब करायचे. तिथल्या तिथे, डोळे मिटून
(मिटत असावेत, असं मी धरून चालायचे)
आणि मी आमेन म्हणून भाजी चिरायला मोकळी.

हिवाळ्यांनी पहिल्याच फोनला विचारलं,
"सिस्टर, तुम्ही काय मागितलंत?"
म्हटलं, मागायलाच तर तुम्हाला फोन केला.
"बरं. मी थांबतो. तुम्ही सुरू करा."

मी फोन ठेवला.
नवा पाळक आळशी आहे,
पगार मंडळीचा घेतो आणि काम आपल्याकडून करून घेतो,
असं आठवडाभर सांगत फिरले.
रविवारी उपासना सुटली की पोह्यांवर जिरावण भुरभुरत
आम्ही चौघी त्यांना कांद्यासारखं बारीक चिरायचो.

रत्नमाला शिरसाठशी माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.
कारण सांगत नाही. छोटं आहे,
सांगितलं तर आणखी छोटं होईल.
तिचं उजवं अंग गेलं. मालवा मिलच्या मागची गल्ली, दुसरा मजला.
पाळक सायकल घेऊन आमच्या दारात :
"तिला प्रभुभोजन न्यायचंय. डबा धरायला कुणी हवं."
म्हटलं, दुसरी बघा.
ते पायरीवर बसले. पाणी मागितलं. प्यायले.
उपदेश नाही, वचन नाही, क्षमेवर एक शब्द नाही.
आणखी एक ग्लास मागितला.
शेवटी मीच चपला घातल्या.

डब्यात चार इवले पेले, रुमालात भाकरीचा तुकडा.
अंधाऱ्या जिन्यात पेले किणकिणत होते,
म्हणजे माझे हात कापत होते.

त्यांनी विधी केला
आणि प्रार्थनेच्या जागी येऊन गप्प झाले.
जमिनीकडे बघत राहिले.
खाली कुणीतरी ओरडत होतं, "भिया, गाडी हटा!"
रत्नमालाचं तोंड एका बाजूला ओघळलेलं,
डोळे माझ्यावर.

छत्तीस वर्षं मी वॉर्डात काढली.
ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा उभं करताना
हात कधी सोडायचा
हे डॉक्टरला नाही, नर्सला कळतं.
लवकर सोडला तर पडतो.
सोडलाच नाही तर
पाय आपले आहेत हे त्याला कधी कळतच नाही.

तेव्हा उमगलं, हा माणूस
माझा हात सोडून बसलाय
आणि घाबरलाय, माझ्याइतकाच.

"प्रभू, हिचा उजवा हात," एवढं म्हटलं.
मग, "आणि माझी जीभ."
मग रडू आलं, की खोकला.
रत्नमालानं आमेन म्हटलं नाही.
म्हणता येत नव्हतं की म्हणायचं नव्हतं,
अजून विचारलेलं नाही.

उतरताना पाळक म्हणाले,
"डबा तुमच्याकडेच राहू दे."

पाच वर्षांनी त्यांची रतलामला बदली झाली.
रत्नमालाशी माझं अजून धड जमत नाही,
मंगळवारी जाते, नखं कापते, भांडून येते.
पोह्यांवरची चिराचिरी कमी झाली, बंद नाही.

नवे साहेब सव्वीसचे. एका हाकेला स्कूटर काढतात.
परवा रात्री दोनला पाटोळ्यांची सून दारात,
सासरे अखेरचे श्वास घेतायत, याल का.
मी डबा घेतला नाही. नुसती गेले. बसले.
उजाडेपर्यंत त्यांचा हात धरला,
मग सोडला.

सकाळी नवे साहेब धापा टाकत आले, चेहरा पडलेला :
"मला का नाही उठवलंत? हे माझं काम होतं."

म्हटलं, बसा साहेब.
पाणी देऊ?