पायरी

सोफा मोहरीच्या रंगाचा,
तार्तूहून हप्त्यांवर आणलेला.
सात हप्ते बाकी होते
तेव्हा युस पहिल्यांदा त्यावर चढला,
स्वतःभोवती तीन फेऱ्या मारून धपकन बसला,
पावती जणू त्याच्याच नावावर.

तार्मो म्हणाला, असू दे.
मीही म्हणाले, असू दे.
सासूबाई तेवढ्या म्हणाल्या,
"आज सोफ्यावर, उद्या डोक्यावर.
जनावरानं आपली पायरी ओळखून राहावं."
हेल्मीबाईंचं बोलणं म्हणजे ओल्या सिमेंटमधलं पाऊल.

त्यांचा 'उद्या' उजाडायला चार वर्षं लागली.
फेब्रुवारी. खाडी गोठलेली, खिडकीला आतून बर्फ.
तार्मोनं पट्टा धरून त्याला खाली ओढलं
आणि युस गुरगुरला.
मोठ्यानं नाही. तळघरात कुणीतरी
जड कपाट सरकवत असावं, तसा.
आम्ही दोघं उभेच राहिलो.
चार वर्षांचं लाडकं पोर, आणि दात.

मग रायवो आला. गळ्यात शिट्टी,
तासाला चाळीस युरो, बूट न काढता.
म्हणाला, उंच जागा म्हणजे सत्ता.
सोफा बंद. दारातून आधी तुम्ही, मग तो.
जेवण आधी तुम्ही, मग तो.

माझा नवरा तिकीट तपासनिसाचीसुद्धा माफी मागतो.
तो रोज सकाळी छाती काढून
कुत्र्याच्या आधी दाराबाहेर पडू लागला.
तिसऱ्या दिवशी बर्फावरून घसरून खरंच पडला.
युस उंबऱ्यात थांबला नियमाप्रमाणे,
मग आला, आणि मालकाचा कान चाटत बसला.

रात्री सोफ्यावर उलट्या खुर्च्या ठेवायचो.
तरी सकाळी कोपऱ्यातली उशी कोमट लागायची.
आम्ही दोघंही हात लावून बघायचो,
एकमेकांना न सांगता.

जिन्यात लक्षात आलं.
पहिल्या पायरीवर पुढचा पाय ठेवून
तो थांबायचा, भलतीकडे बघायचा,
काहीतरी आठवल्यासारखा.
मला माझे वडील आठवले,
शेवटच्या वर्षी ते जिन्यात
बुटाची नाडी बांधायला थांबत.
त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

डॉक्टर पिर्येंनी फोटो उजेडावर धरला.
डावा खुबा. वाटी झिजलेली.
"उतरवताना कुठे धरता याला?"
तार्मोनं हात हवेत धरून दाखवला,
एक पट्ट्याशी, एक मागे.
"हं," त्या म्हणाल्या, "तिथेच."

परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
मागच्या सीटवर युस झोपला होता,
गोळीच्या गुंगीत शेपूट हलवत.

तार्मोनं बंदरावरून मासळीचा रिकामा खोका आणला,
उलटा केला, वर जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकला.
आठवडाभर घराला मासळीचा वास.
आता युस खोक्यावर, मग सोफ्यावर.
"खाली" म्हटलं की उतरतो, विचार करत करत,
बिस्किट मिळतं. "ये" म्हटलं की येतो.
हात कुणी लावत नाही.

लोक विचारतात, सोफ्यानं बिघडला का?
पोस्टमनवर पूर्वीइतकाच भुंकतो.
पाव पूर्वीइतकाच पळवतो.
खालच्या मजल्यावरच्या उर्वेचा कुत्रा
जन्मात गादीवर चढला नाही,
त्यानं वीजवाल्याची पोटरी फोडली.
यावरून काय सिद्ध होतं मला माहीत नाही.
तार्मो मात्र आता कुणालाच ओढत नाही,
मला नाचायला उठवतानाही आधी विचारतो.

जूनमध्ये हेल्मीबाई आल्या.
काळ्या स्कर्टला केस लागतील म्हणून
सोफ्याच्या पार टोकाला बसल्या.
बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या.
मग हळूच सुजलेला पाय उचलून
खोक्यावर ठेवला.
"उंची बरी साधलीय," म्हणाल्या.

युस खाली उभा,
त्यांचा पाय कधी निघतो याची वाट बघत.